परत येणं म्हणजे काय? ‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’

या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांना आजचा विषय वाचून जरा चुकल्यासारखं वाटलं असेल. शंकराचार्य, कांट, चार्वाक यांच्या रांगेत हा हार्ड रॉकचा बँड कुठून आला? नांदेडला समोर बसलेली मंडळी हसतायत, लातूरहून जोडलेली मंडळीही हसत असतील. हरकत नाही. आम्हांला आज एक प्रश्न सोडवायचा आहे आणि तो या बँडच्या गोष्टीत जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकात दिसत नाही. एखादी गोष्ट थांबली, मोडली, नाव बदललं, माणसं बदलली आणि वर्षांनी पुन्हा उभी राहिली, तर ‘ती परत आली’ असं कशाच्या आधारावर म्हणायचं?

बँड आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ या नावानं सुरू झाला, १९९३ मध्ये त्यानं ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं, १९९७ मध्ये मोडला आणि २०१० मध्ये पुन्हा जुळला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर, मार्क सेल्विन बेस गिटारवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर. ही त्यांची गाजलेली फळी. नावं बघा: बेनेगल, तिनईकर, गांधी, बालापोरिया, मेनेझिस. एका व्यासपीठावर इतक्या प्रकारची आडनावं आपल्याकडे एक तर रेल्वेच्या आरक्षणाच्या यादीत दिसतात, नाही तर मुंबईत.

आता ज्यांनी हे संगीत कधीच ऐकलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हार्ड रॉकचा कणा म्हणजे रिफ. विजेच्या गिटारवरचा एक छोटा, ठसठशीत स्वरसमूह, जो गाण्यात पुन्हापुन्हा येतो. कथक किंवा तबल्याच्या साथीला सारंगीवर लेहरा वाजतो ना, तसंच काहीसं काम तो करतो: बाकीचे कुठंही भटकून येऊ देत, घर तिथं आहे. गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो. तो बिघाड नव्हे, तोच त्याचा रंग. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी याला ‘गोंगाट’ म्हणून दार लावून घेतलं. पण ज्यांनी गोंधळात संबळ ऐकलाय, हलगी ऐकलीय, त्यांनी मोठ्या आवाजाची तक्रार करू नये असं आम्हांला वाटतं.

ऐंशीच्या दशकातली परिस्थिती समजल्याशिवाय ‘रॉक मशीन’चं मोल कळत नाही. भारतात रॉक वाजवणारे बँड तेव्हाही होते, पण बहुतेकांचा कार्यक्रम म्हणजे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणं. लोकांनाही तेच हवं असे. डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ झालं की टाळ्या, स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चहाला उठणार. मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं उघडं प्रेक्षागृह होतं. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे पुढं तिथले कार्यक्रम बंद पडले. १९८६ पासूनचा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव ज्या मुंबईत रुजला, तिचं हे रंगभवन म्हणजे जणू देऊळ. अशा श्रोत्यांसमोर ‘आम्ही आमचीच गाणी वाजवणार’ असं म्हणायला धाडस लागतं. ‘रॉक मशीन’नंही सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांनीच केली, आणि मग ती वाट सोडली.

त्यातून १९८८ मध्ये आला पहिला अल्बम, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. सगळी गाणी स्वतःची असलेल्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रॉक अल्बमांपैकी हा एक. इतिहासात त्याची जागा पक्की आहे. कलाकृती म्हणून मात्र आम्ही त्याला फार वर ठेवत नाही. वाजवणं चोख आहे, तिनईकरांच्या गिटारला धार आहे, बेनेगलांचा आवाज वर चढताना चिरकत नाही. पण शीर्षकातला जो बंडखोर आहे तो कुणाविरुद्ध बंड करतोय? अमेरिकन गाण्यांतला बंडखोर त्याच्या गावाविरुद्ध, बापाविरुद्ध, चर्चविरुद्ध उभा असतो, म्हणून त्याच्या ओरडण्याला पत्ता असतो. इथं ओरडणं आहे, पत्ता नाही. चाल स्वतःची, शब्द स्वतःचे, आणि तरी वृत्ती उसनी. मौलिकता आणि स्वत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हांला सापडलेलं नाही.

इथं कुणीतरी लगेच म्हणेल, इंग्रजीत गायल्यावर दुसरं काय होणार? नेमाड्यांच्या देशीवादाचा चष्मा लावला तर हा बँड पहिल्या वाक्यातच बाद होतो. आम्ही देशीवादाला हलकं समजत नाही, त्यानं मराठी समीक्षेची मान सरळ केली. पण या बाबतीत तो घाई करतो. अरुण कोलटकरांनी आपल्या खंडोबावर, जेजुरीवर, इंग्रजीत कविता लिहिल्या. १९७६ मध्ये पुस्तक आलं. त्या कवितांना कुणी उपऱ्या म्हणेल का? एसटी, पुजारी, दगड, धूळ, सगळं त्यांत आहे. म्हणजे अडचण इंग्रजीची नाही. कोलटकरांच्या इंग्रजीला गाव आहे, आणि ‘रॉक मशीन’च्या पहिल्या अल्बममधल्या इंग्रजीत आम्हांला मुंबई ऐकू येत नाही. लोकलची गर्दी, गिरणीसंपानंतरचं उदास परळ, यातलं काहीच नाही. हा दोष भाषेवर ढकलणं म्हणजे कवीला सोडून लेखणीवर खटला भरणं.

दुसरा अल्बम १९९० चा, नाव ‘द सेकंड कमिंग’. म्हणजे दुसरं आगमन! ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी वापरला जाणारा हा शब्दप्रयोग. गंमत अशी की तेव्हा हे कुठं गेलेलेच नव्हते. गेल्याशिवाय परत येण्याची घोषणा करणं हा तरुणपणाचा हक्कच म्हणायचा. पण या अल्बममध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ आहे. संथ, गोड चालीचं गाणं. त्यात पहिल्यांदा आवाज खाली येतो, समोरच्याशी बोलतो. बंडखोरी दाखवण्याची गरज संपली की माणूस काय बोलतो ते या गाण्यात कळतं.

त्याच्या व्हिडिओला १९९३ च्या सप्टेंबरात एमटीव्हीच्या पुरस्कारांमध्ये आशियाच्या प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. तेव्हा स्टार टीव्हीवरून एमटीव्ही आपल्याकडे दिसू लागून दोन वर्षं झाली होती, आणि केबलची तार मुंबईहून हळूहळू आपल्याही गल्ल्यांत पोचत होती. तोच १९९३ चा सप्टेंबर. लातूरकरांना त्या महिन्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. ३० तारखेच्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. एकाच महिन्यात एका राज्याच्या दोन टोकांना काय काय घडत होतं, हे ध्यानात ठेवून आम्ही हे संगीत ऐकतो. ‘आपल्याला याचं काय?’ असं जे विचारतात त्यांचा राग आम्हांला कळतो. मात्र त्या काळात आपल्या भागातून मुंबई-पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांनी हीच गाणी कॅसेटवर भरून गावाकडं आणली. वडील विचारायचे, ‘हे काय ऐकायलास बाबा?’ आणि पोरगा आवाज कमी करायचा. संस्कृतीचा प्रवास असाच, थोडा लाजत, होत असतो.

आता त्या पुरस्कारातली तत्त्वज्ञानाची गाठ बघा. गाणं ‘रॉक मशीन’च्या अल्बममधलं, पुरस्कार ‘इंडस क्रीड’च्या नावावर. कारण त्याच वर्षी नाव बदललं होतं. मग पुरस्कार कुणाला मिळाला?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यासाठी थीसियसच्या जहाजाचा दाखला देतं: एकेक फळी बदलत गेलो, शेवटी सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? आम्हांला आपल्याकडचा दाखला अधिक जवळचा वाटतो. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव ज्या ग्रीक राजावरून आलं, त्या मिलिंदाला भिक्खू नागसेनानं समजावलं होतं. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणायची का? एकच नाही, आणि अगदी वेगळीही नाही. एकीच्या आधारानं दुसरी पेटत जाते. बौद्ध विचारातली ही सुंदर जागा आहे. वस्तू शोधू नका, सातत्य शोधा.

या दृष्टीनं बघितलं तर एक मजेशीर गोष्ट दिसते. ज्यांचा आवाज म्हणजे ‘रॉक मशीन’ असं सगळे मानतात ते बेनेगल स्थापनेच्या वेळी बँडमध्ये नव्हतेच. आधीचा गायक वेगळा होता. ऑस्ट्रेलियाच्या एसी/डीसीचा ‘मूळ’ गायक म्हणून लोक ज्या बॉन स्कॉटचं नाव घेतात, तोही दुसराच. आधी डेव्ह इव्हान्स होता. डीप पर्पलचा इयन गिलन, तोही दुसरा, रॉड इव्हान्सच्या नंतर आलेला. तिन्ही बँडांचा ‘मूळ आवाज’ हा प्रत्यक्षात बदली खेळाडू! तेव्हा ‘मूळ संच परत आला पाहिजे’ असा हट्ट धरणाऱ्या चाहत्यांना आम्ही विचारतो, कुठलं मूळ? जे तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत ते.

आपल्याकडं हे कोडं फार आधी सुटलंय, तमाशाच्या फडात. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जे फड येतात, त्यांच्या पाटीवरची नावं बघा. पिढ्या बदलतात, पाटी राहते. विठाबाईंनी तर फडाच्या नावात वडिलांचं नाव ठेवलं, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तंबूतल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही की हा तोच फड की दुसरा. ढोलकी वाजली की त्याला कळतं.

एसी/डीसीनं हेच केलं. १९८० च्या फेब्रुवारीत बॉन स्कॉट गेला आणि जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला. पाच महिन्यांत. जगातल्या सर्वांत जास्त खपलेल्या अल्बमांत तो मोडतो. पुढं रिदम गिटारवाला माल्कम यंग स्मृतिभ्रंशानं बाजूला झाला, २०१७ मध्ये गेला, आणि तरी २०२० मध्ये ‘पॉवर अप’ आला. रिफ तोच, बांधणी तीच. ही फडाची रीत. डीप पर्पल १९७६ मध्ये मोडले, १९८४ मध्ये ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ घेऊन आले. तो अल्बम चांगला आहे, आणि चांगला आहे म्हणूनच ते परत आले असं म्हणता येतं. याउलट स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला आणि २०२२ मध्ये नवा अल्बम काढला. इतका लांबलेला निरोप आपल्याकडं फक्त लग्नाच्या मांडवात बघायला मिळतो. त्यांच्यावर आमचा राग नाही, पण त्याला परत येणं म्हणू नये. ते गेलेच नव्हते.

‘इंडस क्रीड’कडं वळू. नाव बदलल्यानंतरचा, त्याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला. ‘ट्रॅप्ड’, ‘स्लीप’ ही त्यातली गाजलेली गाणी. यात भारतीय संगीताचे रंग उघडपणे येऊ लागले. नावातच सिंधू आहे. पुष्कळ समीक्षक याला त्यांचा सर्वोत्तम अल्बम मानतात. आम्ही निम्मे सहमत आहोत. गाणी म्हणून ती आधीच्यापेक्षा सरस आहेत, रचनेत श्वास घ्यायला जागा आहे, बालापोरियांचा कीबोर्ड आता नुसता भरावाचा राहिलेला नाही. पण ‘आम्ही भारतीय आहोत’ हे सांगण्याची जी धडपड ऐकू येते ती कुणासाठी? मराठवाड्यातल्या श्रोत्यासाठी नक्की नाही. त्याला सिंधूची आठवण करून द्यावी लागत नाही. ही ओळख बाहेरच्या डोळ्यांसमोर धरलेली आहे. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, परदेशी वाहिन्या आल्या, आणि सगळ्यांनाच एकदम ‘तू कोण?’ असा प्रश्न विचारला गेला. बँडनं घाईत दिलेलं उत्तर म्हणजे हे नवं नाव, असा आमचा तर्क आहे. पहिल्या अल्बममध्ये वृत्ती उसनी होती. इथं वृत्ती स्वतःची आहे, पण ती ओळखपत्रासारखी गळ्यात अडकवलेली आहे.

१९९७ मध्ये बँड मोडला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं ‘आम्स फॉर शांती’ नावानं वेगळं संगीत केलं. तेरा वर्षं गेली.

ही तेरा वर्षं आम्हांला महत्त्वाची वाटतात. पुनरागमनाबद्दल मराठी माणसाशी बोलायचं तर कुमार गंधर्वांना टाळता येत नाही. क्षयानं फुप्फुस गेलं, १९४८ च्या सुमारास ते देवासला आले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. परत आले तेव्हा श्वास लहान झालेला होता आणि त्या लहान श्वासातून त्यांनी नवी गायकी घडवली. लोकांना जुना चमत्कारी बालगायक हवा होता, मिळाला दुसराच माणूस. आमच्या मते पुनरागमनाची कसोटी हीच: मधला काळ गाण्यात ऐकू येतो का? जे थांबणं गाण्यात दिसत नाही ते थांबणं वाया गेलं. अर्थात इथं तुलना कसोटीची आहे, उंचीची नाही. कुमारांच्या शेजारी आम्ही या बँडला बसवतोय असं कुणी लिहून घेऊ नका.

या कसोटीवर २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ घासून बघा. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया तिघंच. बेसवर रुषाद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी, दोघंही पुढच्या पिढीतले. अल्बमचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं. पर्ल जॅमच्या ‘टेन’चं मिक्सिंग करणारे तेच. आठच गाणी. जुनी गाजलेली गाणी नव्यानं वाजवून वर्षानुवर्षं कार्यक्रम करता आले असते, महाविद्यालयांच्या महोत्सवांत ‘टॉप ऑफ द रॉक’ला लोक नाचलेच असते. त्यांनी नवं लिहिलं. ‘फायरफ्लाइज’ ऐका. गाणं घाई करत नाही, एक भाग संपला असं वाटतं तोवर दुसरं दार उघडतं. बेनेगलांचा आवाज आता वरच्या पट्टीत मिरवत नाही, मधल्या पट्टीत वजन ठेवून उभा राहतो. ‘द मनी’मध्ये चीड आहे, आणि यावेळी तिला पत्ता आहे. ‘रेनेगेड’मधला पोरगा चाळिशी ओलांडून आला की काय बोलेल, ते इथं सापडतं. भारतीयत्वाची पाटी काढून ठेवलेली आहे. म्हणूनच हा त्यांचा सर्वांत निर्धास्त, सर्वांत स्वतःचा अल्बम आहे असं आम्ही मानतो. त्यात तक्रारीला जागा आहेच: शब्द अजूनही पुष्कळदा ढोबळ आहेत, कोलटकरांचं ते गाव इथंही पुरतं सापडत नाही, आणि एकदोन गाणी नुसत्या कौशल्यावर तरून जातात.

लोकप्रियतेचं म्हणाल तर उलटं घडलं. बँडची आठवण निघाली की मंडळी ‘प्रिटी चाइल्ड’वर येतात, ‘इव्हॉल्व्ह’वर क्वचित. दुसऱ्या आगमनाची घोषणा १९९० मध्ये झाली, आणि खरं दुसरं आगमन बावीस वर्षांनी, फारशी घोषणा न करता झालं. तोवर व्हिडिओ बघणारी पिढी नोकरीला आणि कर्जाच्या हप्त्यांना लागली होती.

आता आलेले प्रश्न. लातूरहून एका विद्यार्थिनीनं लिहिलंय, ‘सर, आम्ही चौघी मिळून बँड करायलोत. मराठीत गावं का इंग्रजीत?’ हा प्रश्न आम्हांला फार आवडला. बाई, भाषा तुमच्या तोंडात जी आधी येते ती घ्या. पण गाण्यात गंजगोलाई येऊ द्या, शिकवणीला निघालेली सकाळची गर्दी येऊ द्या, उन्हाळ्यातला टँकर येऊ द्या. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तुमच्या शहराला. रिफ कुठलाही असो, त्यावर बसेल.

नांदेडचे एक ज्येष्ठ श्रोते विचारतात, इतकं ऐकायला वेळ नाही, एकच अल्बम सांगा. मग ‘इव्हॉल्व्ह’च. वेळ असेल तर आधी ‘प्रिटी चाइल्ड’, मग १९९५ मधलं ‘ट्रॅप्ड’, आणि शेवटी ‘फायरफ्लाइज’. त्याच क्रमानं, एका बैठकीत. हेडफोन नातवाकडून घ्या, मोबाइलच्या स्पीकरवर बेस गिटार ऐकू येत नाही.